दोन बाकं अलीकडे

शाळेकडून मूल माझ्याकडे येतं त्याच्या आधी एक कागद येतो. त्यावर बहुतेक विशेषणंच असतात. आगाऊ. हट्टी. चंचल. उद्धट. क्वचित, वळणदार अक्षरात, ‘वाया गेलेला’ असंही. जे थेट घरून येतात त्यांच्याकडे कागद नसतो, पण विशेषणं तीच असतात, फक्त जास्त दमलेल्या आवाजात. मी बालमानसतज्ज्ञ आहे, आणि पहिल्या भेटीत माझी एकच विनंती असते: विशेषणं राहू द्या, क्रियापदं सांगा. तो नेमकं करतो काय? वही फाडतो, बाकाखाली शिरतो, चावतो, की नुसता गप्प बसतो? ‘हट्टी आहे’ म्हटल्यावर पुढे विचारायला काही उरत नाही. ‘बूट घाल म्हटलं की जमिनीवर आडवा होतो’ असं कुणी म्हणालं की दहा प्रश्न सुचतात. कोण म्हणालं? कितव्यांदा? कुठे निघाला होतात? आडवा झाल्यावर कोण धावलं? शेवटी बूट घातले कुणी?

लोकांना याचा राग येतो. येणारच. सहा-सहा महिने जे सोसलं त्यावर कुणीतरी ‘हो हो, फारच हट्टी आहे’ एवढं म्हणावं अशी इच्छा असते, आणि ही बाई विचारते ‘कितव्यांदा?’ एका वडिलांनी मला सरळ विचारलं होतं, “तुम्हाला स्वतःला मुलं आहेत का?” हा प्रश्न मला वर्षाकाठी तीन-चारदा तरी येतो. उत्तर काहीही दिलं तरी विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, म्हणून मी हल्ली म्हणते, “माझ्या घरातही कुणी वेळेवर बूट घालत नाही.”

आज सांगायचंय ते मात्र माझ्या चुकीबद्दल. ओळख पटेल असं सगळं बदललंय, चूक तेवढी जशीच्या तशी ठेवलीय.

चौथीतला मुलगा. तक्रारींची यादी लांबलचक: शेजाऱ्याच्या पेन्सिली मोडणं, वर्गात मोठ्याने प्राण्यांचे आवाज काढणं, बाक पुढच्याच्या पाठीत ढकलणं. रोज एकदा तरी वर्गाबाहेर उभं राहणं. बाई चिडक्या नव्हत्या, उलट बऱ्याच सोशिक. मी म्हटलं, वर्गात मागे बसून एकदा बघते. माझा एक तास दुपारी रिकामा असायचा, त्या वेळी गणित चालू असे. म्हणून मी गणिताच्या तासाला गेले. हे वाक्य आज लिहिताना सोपं वाटतंय, पण सगळी चूक त्या ‘म्हणून’मध्ये आहे.

माझ्या कागदावर तीन रकाने असतात. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. आमच्या कामातलं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त अवजार. त्या तासात त्याने दोनदा मांजराचा आवाज काढला. पोरं हसली. बाईंनी वळून पाहिलं, नाव घेऊन दटावलं. तो खूश दिसला. नंतरच्या रकान्यात मी लिहिलं: ‘हशा, बाईंचं लक्ष’. आधीच्या रकान्यात लिहिलं: ‘काही नाही’. निदान तयार. याला लक्ष हवंय.

शिवाय माझ्या डोक्यात एक प्रयोग घर करून होता. १९६८ सालचा, अमेरिकेतल्या पहिलीच्या मुलांवरचा. मुलं जागेवरून सारखी उठायची. संशोधकांनी शिक्षिकांना सांगितलं, ‘खाली बसा’ हे नेहमीपेक्षा बरंच जास्त वेळा म्हणा. तर मुलं बसण्याऐवजी अधिकच उठायला लागली. गंमत अशी की ‘खाली बसा’ म्हटलं की त्या क्षणाला मुलं बसत, त्यामुळे म्हणणाऱ्याला वाटे, लागू पडतंय. दर वेळी लागू पडत होतं आणि एकंदरीत बिघडत चाललं होतं. नंतर ओरडणं कमी करून जागेवर बसलेल्यांचं कौतुक सुरू केलं तेव्हा उठणं उतरलं. हा प्रयोग मला इतका आवडतो की मी तो शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत सांगते. आणि आवडता प्रयोग हाताशी असला की प्रत्येक वर्ग त्या प्रयोगातल्यासारखाच दिसायला लागतो.

बाईंना मी सांगितलं, आवाजांकडे दुर्लक्ष करा, बाहेर काढू नका, आणि तो कामात असेल तेव्हा आवर्जून दखल घ्या. वर हेही सांगितलं की सुरुवातीला त्रास वाढेल. ज्या वागण्याचा आजवर उपयोग होत आला, त्याचा उपयोग होईनासा झाला की मूल आधी ते जोरात करून बघतं. कळ दाबून दिवा लागला नाही तर आपण कळ सोडून देतो का? चार वेळा दणादण दाबतो. तसंच. हे शास्त्र म्हणून बरोबर आहे. पण तज्ज्ञाला लपायलाही याच्याइतकी चांगली जागा नाही. ‘वाढणारच’ असं आधी सांगून ठेवलं की तीन आठवडे चुकत राहायची मुभा मिळते.

मी तीन आठवडे चुकत राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्याने बाक उलटवलं. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या कपाळावर पट्टी मारली, खोक पडली. बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “मॅडम, तुमचं दुर्लक्ष माझ्या वर्गाला परवडत नाहीये.”

दुसऱ्या दिवशी मी माझी कामं हलवली आणि सकाळपासून मागच्या बाकावर जाऊन बसले. दोन तास काही नाही. मग भाषेचा तास. धडा वाचन, क्रमाने. पहिल्या बाकापासून एकेकाने उभं राहायचं, एक परिच्छेद वाचायचा, खाली बसायचं. हा मुलगा सहाव्या बाकावर. पहिला मुलगा वाचायला उभा राहिला तसा याचा उजवा हात बाकाखाली गेला. मला तिरक्या कोनातून बोटं दिसत होती. तो मोजत होता. आधी पुढच्या मुलांची डोकी, मग पुस्तकातले परिच्छेद, बोट ठेवून. आपल्या वाट्याला कोणता येणार ते त्याने शोधलं आणि त्यावरच डोळे लावून बसला. ओठ हलत होते. तिसऱ्या बाकापर्यंत तो तसाच पुटपुटत राहिला. वाचन चौथ्या बाकावर आलं, म्हणजे त्याच्यापासून दोन बाकं अलीकडे, आणि त्याने शेजारणीची पेन्सिल उचलून कटकन मोडली. ती रडायला लागली. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पाहून न पाहिल्यासारखं केलं. सल्ला माझाच होता. पाचवं बाक वाचायला लागलं. त्याने बाक उलटवलं.

तो बाहेर गेला तेव्हा मी खिडकीशी गेले. बाहेरच्या पायरीवर बसून तो बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. आत आलेला सगळा ताण अंगावरून उतरला होता. खांदे खाली. लक्ष हवं असलेलं मूल लक्ष देणारं कुणीही नसलेल्या जागी इतकं स्वस्थ बसत नाही.

म्हणजे त्याला बघे नको होते, सुटका हवी होती. आधी पेन्सिल मोडून सुटका मिळायची. मी ‘बाहेर काढू नका’ म्हटल्यावर ती स्वस्तातली सुटका बंद झाली, आणि त्याला महागडी शोधावी लागली. बाक उलटवायला त्याला एका अर्थी मी शिकवलं. पट्टीच्या त्या खोकेतही माझा वाटा होता. हे मी बाईंना त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, “बरं झालं, मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय.” तीन आठवडे त्या हे मनात घेऊन शिकवत होत्या.

आणि मांजराचा आवाज? तो खरंच लक्षासाठी होता. गणितात त्याला गती होती, कंटाळा आला की पोरांना हसवायचा. एकाच मुलाचे एकाच दिवसातले दोन दंगे, दोन वेगळ्या कारणांचे. एक तास बघून मी दोन्हींना एकच कारण चिकटवलं. तेव्हापासून आधीच्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहायची वेळ आली की मी पेन खाली ठेवते. ‘काही नाही’ म्हणजे मला दिसलं नाही, एवढंच.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोघांचं १९८५ सालचं एक काम आहे, फक्त चार मुलांवरचं. वाढीच्या गंभीर अडचणी असलेली मुलं, काही स्वतःला इजा करणारी. काम अवघड झालं की कुणी बिथरायचं, मोठ्यांचं लक्ष कमी झालं की कुणी. त्यांनी मुलांना एकेक वाक्य शिकवलं. अवघड कामाने बिथरणाऱ्याला ‘मला समजत नाहीये’, लक्ष हवं असणाऱ्याला ‘मी चांगलं करतोय का?’ अशा अर्थाचं. दंगा झपाट्याने उतरला. पण मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्यांनी मुद्दाम चुकीचं वाक्यही देऊन पाहिलं, म्हणजे ज्याला मदत हवी त्याला कौतुक मागायचं वाक्य. तेव्हा काहीच फरक पडला नाही. मूल वाक्य म्हणत होतं, लोक उत्तर देत होते, आणि दंगा जिथल्या तिथे. हे मी शिकताना वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. तरी त्या मुलाला मी तीन आठवडे चुकीचंच वाक्य देऊन ठेवलं होतं.

त्यानंतरची पहिली पायरी कंटाळवाणी असते आणि ती गाळायचा मोह आम्हा सगळ्यांना होतो: डोळे, कान, झोप. लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे आलेला पहिलाच मुलगा शाळेतला होता, आणि त्याला घेऊन आली होती त्याची शिक्षिका. चौदा वर्षांचा, एरवी हुशार, शुद्धलेखनात ठार. तपासल्यावर निघालं की दृष्टीतच दोष आहे. चष्मा आणि जोडीला शिकवणी, असा उपाय झाला. आमच्या पेशाचा जन्मच असा एका चष्म्यापाशी झालाय. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं मूल ‘ऐकत नाही’ असं ऐकून घेतं, आणि ते अक्षरशः खरं असतं. फिटचा एक प्रकार असा असतो की मूल काही सेकंद नुसतं शून्यात बघतं, आणि प्रगतिपुस्तकात येतं: ‘स्वप्नाळू’. अपुऱ्या झोपेची मोठी माणसं पेंगतात, लहान मुलं उलट जास्त उड्या मारतात.

या मुलाचे डोळे, कान ठीक निघाले. वाचन मात्र दोन इयत्ता मागे होतं. जोडाक्षर आलं की तो अडखळायचा, मग अंदाजाने शब्द ठोकून द्यायचा. त्यासाठी वेगळ्या तज्ज्ञांकडे पाठवलं, ते काम संथ चालतं, अजून चालू आहे.

आता घरचं. त्याच्या आईचं पहिल्या भेटीपासून एकच म्हणणं होतं: “घरी तो असं काहीच करत नाही.” शाळेला वाटायचं आई लपवतेय, आईला वाटायचं बाईंना तो आवडत नाही. हे भांडण माझ्या खोलीत इतक्यांदा झालंय की खुर्च्यांनाही पाठ असेल. १९८७ मध्ये थॉमस अकेनबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शंभराहून जास्त अभ्यासांची बेरीज मांडली. एकाच नात्याने मुलाकडे पाहणारे दोघं, म्हणजे आई आणि वडील, किंवा दोन शिक्षक, यांच्या उत्तरांचा मेळ सरासरी ०.६० भरला. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या नात्यांतल्या जोड्यांचा फक्त ०.२८. पूर्ण जुळलं तर १, काहीच नाही तर ०. कोणी खोटं बोलतंय असा याचा अर्थ लावायची गरज नाही. दोघं दोन वेगळ्या ठिकाणी उभे आहेत, आणि मूलही दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टींना तोंड देतंय.

मी आईला विशेषणं विचारली नाहीत, वाचनाचा अभ्यास कसा होतो तेवढं विचारलं. “होत नाही फारसा,” त्या म्हणाल्या. “त्याचं पोट दुखतं ना.” रोज? जवळजवळ. कधी? संध्याकाळी, पुस्तक काढलं की. मग त्या आवाज चढवतात, तो पोट धरून वाकतो, त्या घाबरतात, म्हणतात राहू दे, झोप जा. पाचव्या मिनिटाला पोट बरं.

तो घरी असं काहीच करत नाही हे अक्षरशः खरं होतं. शाळेत ज्याला वर्तन म्हणत होते, त्याला घरी दुखणं म्हणत होते. दोन तपासण्याही करून झाल्या होत्या. आणि ते पोट खोटं होतं असं मी म्हणणार नाही. भीतीने पोटात कळ येते, ती खरी असते. फक्त पुस्तक मिटलं की जाते.

जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत माणसं पाठवून, टिपणं घेऊन या खेळाचा आयुष्यभर अभ्यास केला. मूल ताणतं, मोठं माणूस ताणतं, मग मोठं माणूस सोडून देतं आणि दोघांनाही हायसं वाटतं. मुलाने शिकलं की ताणलं की सुटतं. मोठ्याने शिकलं की सोडून दिलं की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी सुरुवात कालच्या टोकापासून. आईवडिलांना हे सांगताना ‘तुम्हीच शिकवलंत’ असं ऐकू जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. खरं तर ‘तुम्हा दोघांनाही एकमेकांनी शिकवलं’ असं आहे ते. मला हे सांगणं अजून नीट जमत नाही. त्या दिवशी मी आईला आधी माझ्या तीन आठवड्यांची गोष्ट सांगितली. बाईंना, मला आणि तुम्हाला तिघींना त्याने एकच धडा दिलाय, असं म्हटल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

इथे कुणी म्हणेल, मग निदानाचं नाव कशाला हवं, सगळं परिस्थितीतच असतं. तसं नाही. अतिचंचलतेचं निदान असलेल्या मुलांना मी भेटते, औषधाने त्यांचं जगणं सुकर झालेलं पाहते, आणि पालकांनी ते नाव टाळण्यात गमावलेली वर्षंही पाहते. फक्त त्या निदानाचीच अट आहे की लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसली पाहिजेत आणि बारा वर्षांच्या आत सुरू झालेली पाहिजेत. एका तासावर, एका बाकावर ते ठरत नाही.

रॉबर्ट गुडमन यांची १९९७ सालची एक प्रश्नावली मी वापरते. पंचवीस विधानं, प्रत्येकापुढे खरं, थोडंफार खरं, खरं नाही. त्यातली पाच विधानं मुलाच्या चांगुलपणाबद्दल आहेत, म्हणून ती मला आवडते. बाईंनी ती भरताना ‘कुणाला लागलं, बरं नसलं तर मदत करतो’ या अर्थाच्या ओळीपाशी पेन अडवून धरलं. मग म्हणाल्या, “त्या दिवशी खोक पडली ना, तेव्हा पाण्याची बाटली घेऊन पहिला तोच धावला होता. मी हे कुणाला सांगितलंच नाही.” आणि ‘खरं’वर खूण केली.

उपाय असा काही थोर नव्हता. दुसऱ्या दिवशीचा परिच्छेद त्याला आदल्या दिवशी कळायचा. घरी तेवढाच वाचायचा, दहा मिनिटं, पोट दुखो न दुखो, दहा मिनिटं झाली की पुस्तक आईनेच मिटायचं. वर्गात वाचन क्रमाने नाही, बाई नाव घेतील तसं. आणि अगदीच नको वाटलं तर पेन्सिल बाकाच्या कडेवर आडवी ठेवायची. बाईंना दिसलं की त्या काही न बोलता पुढच्याकडे जातील. आठवड्याला तीनदा, जास्त नाही. ही आडवी पेन्सिल त्याचीच कल्पना. मी रंगीत कार्ड सुचवलं होतं, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते कार्ड पर्समध्ये परत ठेवलं.

पहिल्या आठवड्यात तिन्ही वेळा वापरली. दुसऱ्यात दोन. एकदा बाईंनी सांगितलं की त्याने पेन्सिल आडवी ठेवली, थोडं थांबून उचलली आणि वाचलं, चार ओळी, दोन शब्द अंदाजाने. मोडलेल्या पेन्सिली शून्य. मांजर मात्र गणिताच्या तासाला अजून येतं. त्याचं आम्ही काही केलेलं नाही, बाईंनाही त्याचं हसू येतं.

मागच्या महिन्यात बाईंचा पुन्हा फोन. “मॅडम, एक घोटाळा झालाय. परवापासून माझ्या वर्गात पाच पेन्सिली आडव्या.” पोरांनी खूण ओळखली होती. मला आधी हसू आलं, मग विचारलं, “कोणाकोणाच्या?” त्यांनी दोन नावं अपेक्षित सांगितली, नक्कल करणारी. मग म्हणाल्या, “पण एक त्या शेजारणीची आहे. जिची पेन्सिल मोडायचा ती. ती तर इतकी शांत, समजूतदार…” आणि थांबल्या.

“कधी ठेवते?” मी विचारलं.

“ते नाही पाहिलं मी. भाषेच्याच तासाला. तुम्ही येता का एकदा?”

मी डायरी उघडली. दुपारचा गणिताचा तास मोकळा होता. भाषा साडेअकराला, आणि साडेअकराला एक कुटुंब यायचं होतं. त्यांना फोन करून मी दुपारची वेळ दिली.